विषय कोणी ठरवायचा?



२० मार्चला महाडला जायचे, चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरायच्या, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत फिरायचे, हा आमचा जुना नेम आहे. २०२२ सालीही आम्ही गेलो होतो. कोरोनाच्या भीतीतून माणसे नुकती बाहेर पडत होती. पुस्तकांच्या दुकानांपाशी नेहमीसारखी गर्दी होती. आम्ही एका झाडाच्या सावलीत बसून डबा सोडत होतो, तेवढ्यात एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "जयभीम काका. तुम्ही पेपरात लिहिता ना? एक विचारायचे होते."

आम्ही तिला बसवले, अर्धी भाकरी पुढे केली. मुलगी पोलादपूर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतली. वय चोवीस. एम.ए. झालेली. आजोबा परळच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि ते वळकटी घेऊन गावी परतले. वडील महाडच्या एमआयडीसीत रसायनाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. आई अंगणवाडीत मदतनीस. अशा घरातली पोर परदेशात जाऊन पीएच.डी. करायचे म्हणत होती, आणि त्यासाठी केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला निघाली होती.

तिचा विषय ऐकून आम्ही डबा बाजूला ठेवला. कोकणातले आमचे पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत, रेल्वेत गेले. त्यांच्यावर थोडेबहुत लिहिले गेले आहे. पण मागे राहिलेल्या बायकांचे काय? ज्यांनी दुसऱ्याची खलाटी अर्धेलीने लावली, डोंगराच्या उतारावर नाचणी-वरी काढली, मनीऑर्डरची वाट पाहिली, सावकाराचे तोंड चुकवले, आणि १९५६ नंतर घरातले देव नदीत सोडले, त्या बायकांचा इतिहास कोणी लिहायचा? त्या पोरीला तो लिहायचा होता. तिची आजी त्यातलीच एक. आजीपासूनच सुरुवात करायची, असे तिने ठरवले होते.

मग तिने पिशवीतून एक कागद काढला. त्यावर पेनाने एका ओळीखाली दोनदा रेघ मारलेली होती. म्हणाली, "काका, हे वाचा. आता सांगा, विषय बदलू का? एक सर म्हणाले, कोकणाऐवजी श्रीलंकेतल्या चहामळ्यातल्या बायका असे लिही, म्हणजे चालेल."

ती ओळ आम्ही वाचली. खरे सांगतो, त्या दिवशी तिला धड उत्तर देता आले नाही. तळ्याच्या काठावर बसून आम्हीच निरुत्तर झालो. तिचे उत्तर आमच्याकडे बाकी राहिले आहे. आजचा लेख त्या बाकीपोटी.

आधी ही शिष्यवृत्ती काय आहे ते सांगतो, कारण आमच्या पुष्कळ घरांत तिचे नावही पोचलेले नाही. तिचे नाव राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. केंद्र सरकारने ती १९५४-५५ च्या सुमारास सुरू केली. केंद्राचे सामाजिक न्याय खाते ती चालवते. मुख्यतः अनुसूचित जातींसाठी, शिवाय विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी ती आहे. २०२१-२२ पासून साऱ्या देशासाठी मिळून जागा १२५, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींच्या. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवे, वय ३५ च्या आत हवे. निवड झाली तर विद्यापीठाची फी, विमानाचे तिकीट, व्हिसाचा खर्च, आजारपणाचा विमा आणि राहण्याखाण्याचा भत्ता सरकार देते. हा भत्ता इंग्लंडला वर्षाला ९,९०० पौंड आणि अमेरिकेला १५,४०० डॉलर असा ठरलेला होता. ज्याच्या घरी महिन्याचा किराणा उधारीवर येतो, त्याच्या मुलाला ही रक्कम स्वप्नातली वाटेल. पण ती मेहरबानी नाही, आपल्या हक्काची आहे.

आता त्या रेघ मारलेल्या ओळीकडे येऊ. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राने या योजनेची नवी नियमावली काढली. तीत एक नवी अट घातली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचा सामाजिक अभ्यास हे विषय व अभ्यासक्रम या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत, असा त्या अटीचा अर्थ. म्हणजे आमच्या मुलाने परदेशी जाऊन यंत्रे शिकावी, औषधे शिकावी, व्यापार शिकावा. फक्त एक करू नये. आपण ज्या समाजव्यवस्थेत भरडलो तिच्याबद्दल प्रश्न विचारू नये. कारण असे सांगण्यात आले की, भारताचा अभ्यास करायला भारताबाहेर जायची गरजच काय? इथे ग्रंथालये आहेत, विद्यापीठे आहेत, इथेच करा.

वरवर पाहता हे कोणालाही पटेल. आमच्याच एका स्नेह्याने आम्हाला ऐकवले, "बरोबरच आहे. पोलादपूरच्या बायकांचा अभ्यास लंडनला जाऊन कशाला?" म्हणून या प्रश्नाला रागाने नव्हे, नीट उत्तर दिले पाहिजे.

उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ज्यांच्यामुळे आपण चार अक्षरे वाचतो त्यांचेच प्रगतिपुस्तक काढून पाहू. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी, असा करार होता. तिथे त्यांनी काय अभ्यासले? १९१५ साली एम.ए. साठी प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहिला. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात भारतातील जातींवर निबंध वाचला. जात कशी उपजली आणि कशी पसरली, याची ती पहिली मांडणी. पुढच्या वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटपावर त्यांनी प्रबंध केला. तोच विषय वाढवून ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली निघाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्‌सी. साठी रुपयाच्या प्रश्नावर लिहिले.

एकेक विषय बोटावर मोजा. भारताचा प्राचीन व्यापार, भारतातली जात, भारताचे उत्पन्न, भारताचा रुपया. यातला व्यापार म्हणजे इतिहास झाला आणि जात म्हणजे सामाजिक अभ्यास झाला. २०२२ ची अट १९१३ साली असती, तर जातीच्या मुळाशी हात घालणारा तो निबंध या शिष्यवृत्तीत बसला नसता. बडोद्याच्या करारात नोकरीची अट होती, पण भारताचा अभ्यास करू नको अशी अट नव्हती. एका संस्थानिकाने पारतंत्र्यात जे अडवले नाही ते स्वतंत्र भारताच्या नियमावलीने अडवावे, ही गोष्ट मनाला लागते.

आता, भारतात राहून ते का झाले नसते? त्याचे उत्तरही बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. न्यूयॉर्कच्या वर्गात ते चारचौघांसारखे बाकावर बसले. ग्रंथालयाचे दार त्यांना सकाळपासून रात्रीपर्यंत उघडे होते. आणि १९१७ साली तीच विद्या घेऊन ते बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. ज्या पारशी खानावळीत ते राहिले तिथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. माणूस एकच, विद्या तीच. बदलली ती जागा. अभ्यासाला नुसती पुस्तके लागत नाहीत. मान ताठ ठेवून बसायला जागा लागते, आणि ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याच हातात आपल्या मार्कांची दोरी नसावी लागते.

परदेशातही सारे आलबेल होते असे आम्ही म्हणत नाही. १९२३ साली रुपयावरच्या प्रबंधात बाबासाहेबांनी इंग्रजांच्या चलननीतीचे वाभाडे काढले, ते परीक्षकांना झोंबले आणि प्रबंध पुन्हा लिहून आणायला सांगितला गेला, असे चरित्रकार सांगतात. पैसे संपल्यामुळे बाबासाहेब मुंबईला परतले होते. इथून त्यांनी भाषा सौम्य करून प्रबंध पुन्हा पाठवला, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. त्याच वर्षी पदवी मिळाली. म्हणजे सत्तेला न रुचणारे संशोधन अडवण्याची रीत शंभर वर्षांपूर्वीही होती आणि इंग्रजांच्या देशातही होती. पण तिथे लिहिलेल्या प्रबंधावर वाद झाला. इथे लिहायच्या आधीच विषयावर फुली.

आणखी एक गोष्ट वाचकांपुढे ठेवतो. आपल्या चळवळीचा अभ्यास परदेशात झालाच नाही असे नाही. एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषीने डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९६९ साली पीएच.डी. मिळवली. गेल ऑम्व्हेट यांनी सत्यशोधक चळवळीवर बर्कलेहून १९७३ साली पीएच.डी. केली आणि पुढे त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सूनबाई होऊन राहिल्या. या दोघींचे आपल्यावर उपकार आहेत, ते आम्ही मानतो. पण विचार करा. अमेरिकेतल्या मुलीने आमच्या आजीचा अभ्यास अमेरिकेतल्या विद्यापीठात केलेला चालतो. आमच्या आजीच्या सख्ख्या नातीने तोच अभ्यास तिथे जाऊन करायचा म्हटला, की सरकार म्हणते, पैसे मिळणार नाहीत. आमच्याविषयी सगळ्यांनी लिहावे, फक्त आम्ही लिहू नये, हा कुठला न्याय?

शिवाय जात आता समुद्राच्या अलीकडे राहिलेली नाही. ती विमानात बसून केव्हाच पलीकडे गेली. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ च्या जानेवारीत आपल्या नियमांत जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने तसा कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, पण गव्हर्नरने ऑक्टोबरमध्ये ते परत पाठवले. या वादात तिथले लोक विचारतात, जात म्हणजे काय, ती ओळखायची कशी? हे सांगायला ज्याने ती भोगली त्याचा शिकलेला मुलगा तिथे नको का?

कोणी म्हणेल, ठीक आहे, परदेश राहू द्या, इथे तरी करा. इथली स्थिती काय आहे? बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी पात्र ठरलेल्या ८६१ संशोधक विद्यार्थ्यांना सरसकट अधिछात्रवृत्ती मिळावी म्हणून मुंबईच्या आझाद मैदानावर दिवसच्या दिवस धरणे धरावे लागले. संशोधन करायच्या वयात आमची मुले मैदानावर सतरंज्या टाकून बसली. म्हणजे बाहेर जाऊ नका, इथेच करा, असे एका तोंडाने म्हणायचे, आणि इथे करणाऱ्याला रस्त्यावर बसवायचे.

परदेशच्या वाटेवरही नुसती विषयाची धोंड नाही. २०२५ च्या निवडीत १०६ जणांची नावे लागली, पण जुलैच्या सुरुवातीला पत्रे निघाली ती ४० जणांनाच. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर, असे सांगण्यात आले. ज्याच्या हातात विद्यापीठाचे प्रवेशपत्र आहे, ज्याचे वर्ग सप्टेंबरात सुरू व्हायचे आहेत, त्याने या 'तर' वर किती दिवस काढायचे? श्रीमंताचा मुलगा बापाच्या खात्यातून पैसे भरून जातो. आमच्या मुलाचा प्रवेश त्या एका शब्दात बुडतो.

आपल्या राज्याचीही योजना आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती, दरसाल ७५ विद्यार्थ्यांसाठी. नाव किती योग्य ठेवले आहे! १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, पारशी मित्र नवल भथेना यांनी दिलेले उसने पैसे आणि शाहू महाराजांची मदत, एवढ्यावर ते गेले. त्याच शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत २०२४ च्या जूनमध्ये ७५ टक्के गुणांची अट आली आणि फीच्या रकमेला मर्यादा आली. आमच्या मुलांनी, संघटनांनी आवाज उठवला. पुढच्याच महिन्यात सरकारला त्या अटी मागे घ्याव्या लागल्या. ही गोष्ट वाचकांनी गाठीला बांधून ठेवावी. नियमावली म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. माणसांनी लिहिलेली असते, माणसे बोलली की बदलते.

सरहद्दीच्या पलीकडचे वारेही फिरले आहे, तेही सांगितले पाहिजे. ज्या कोलंबिया विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे, त्याच विद्यापीठाचे सुमारे ४० कोटी डॉलरचे अनुदान अमेरिकन सरकारने २०२५ च्या मार्चमध्ये रोखले, आणि जुलैत विद्यापीठाने २० कोटी डॉलर भरण्याचे कबूल करून तडजोड केली. त्याच वर्षी मे महिन्याच्या शेवटी अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या. जूनमध्ये त्या सुरू झाल्या, पण अर्जदाराने समाजमाध्यमांवरची आपली खाती सरकारी तपासणीसाठी उघडी ठेवावी, असे फर्मान निघाले. इंग्लंडने २०२४ च्या जानेवारीपासून एक वर्षाच्या नेहमीच्या एम.ए.-एम.एस्‌सी. ला येणाऱ्यांना नवरा-बायको-मुले बरोबर आणायला मनाई केली. संशोधनाच्या पदवीला ती सूट राहिली. म्हणजे तिथे राहून काय बोलायचे, कोणासोबत राहायचे, हेही सत्ता ठरवू पाहते. विद्येच्या दारावरचा पहारेकरी एका देशाचा राहिला नाही, हे ओळखूनच आपण पावले टाकली पाहिजेत.

महाडच्या मातीला ही गोष्ट नवी नाही. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, ज्यांनी पुढे महाडच्या परिषदेची उभारणी केली, ते लहानपणी शिष्यवृत्तीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. शिष्यवृत्ती सरकारने दिली, पण महाडच्या इंग्रजी शाळेने दार लावून घेतले. त्या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहून बोंब मारली, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला, आणि तोही वर्गाबाहेर बसून शिकण्यासाठी. शिष्यवृत्ती हातात आणि दार बंद! शंभराहून अधिक वर्षे झाली, दाखल्याचा रंग बदलला, दाराची कडी तशीच आहे.

तळ्याचेही तेच. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी.के. बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले आहेत. ५ जानेवारी १९२४ रोजी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण पाणी कोणी पिऊ शकले का? नाही. ठराव दप्तरात होता आणि तहान घशात होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यात उतरले, ओंजळ भरली, तेव्हा त्या ठरावाला जीव आला. शिष्यवृत्तीचा कागदही असाच आहे. अर्ज करणारे, अटींना जाब विचारणारे, पत्रे लिहिणारे हात लागले तरच तो कागद चालतो.

म्हणून आता कामाचे बोलू. आई-वडिलांनी आणि गावमंडळांनी पुढच्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, दाखले वेळेत काढा. मूळ जातीचा दाखला, जातपडताळणी, उत्पन्नाचा दाखला ही कामे मुलगी बारावीत असतानाच हातात घ्या. केंद्राच्या कामाला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या. त्यासाठी दोन पिढ्या भांडल्या आहेत. ते भांडून मिळवलेले एका शिक्क्यावाचून घालवू नका. आमच्या स्वतःच्या पुतण्याचा एक अर्ज एका कचेरीत दाखल्याच्या नमुन्यावरूनच परत आला होता आणि वर्ष फुकट गेले. हेलपाटे घालायला लावणाऱ्याला दोष द्यायचा तो देऊच, पण आपली तयारीही हवी.

दुसरी, केंद्राची ही एकच वाट नाही. राज्याची योजना आहे. इंग्लंडसाठी कॉमनवेल्थ आणि चेवनिंग आहेत, अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू आहे. अमेरिकेतली बरीच मोठी विद्यापीठे पीएच.डी. च्या विद्यार्थ्याची फी माफ करून उलट दरमहा भत्ता देतात. तिथे विषयावर भारत सरकारची फुली चालत नाही. दरवर्षी नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची नियमावली आधी पूर्ण वाचावी. ऐकीव माहितीवर आणि एजंटच्या गोड बोलण्यावर घरातला दागिना मोडू नये.

तिसरी, गावमंडळांना हात जोडून विनंती. आपण जयंतीला मंडप घालतो, वर्गणी काढतो, ते जरूर करावे. पण मंडळाच्या मुंबईच्या बैठकीत एक विषय हाही घ्या, की यंदा आपल्या वाडीतले कोण पदवी झाले, कोणाला इंग्रजीच्या परीक्षेची फी भरायला पैसे हवेत, कोणाला अर्जाची फी हवी. शिष्यवृत्ती मिळाल्यावर सरकार विमानाचे तिकीट देते, पण अर्जाच्या आधीचे हे काही हजार रुपये कोणीही देत नाही, आणि आमची निम्मी मुले त्याच उंबऱ्यावर अडखळतात. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४२ साली लिनलिथगोंना लेखी गाऱ्हाणे सादर केले, त्यात आमच्या मुलांच्या उच्च शिक्षणाची मागणी ठासून मांडली होती. आपण निदान आपल्या वाडीपुरते मंत्रिमंडळ चालवू या.

चौथी, ही अट रद्द व्हावी म्हणून आपल्या खासदाराला लिहा. पोस्टकार्ड चालेल. त्यात एवढेच विचारा, लंडनमध्ये बाबासाहेब जिथे राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. त्या घरात राहून त्यांनी जसा भारताचा अभ्यास केला, तसा करायला जाणाऱ्या आमच्या मुलीला पैसे का नाहीत? घर जपायचे आणि घरातला अभ्यास अडवायचा, हे कसे?

आता त्या पोरीचे. तिने विषय बदलला नाही. श्रीलंकेचा चहामळा तिने त्या सरांनाच परत दिला. इथल्याच एका विद्यापीठात तिने पीएच.डी. साठी नाव घातले आहे आणि पोटासाठी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. दरवर्षी परदेशचा एखादा तरी अर्ज भरते. मध्यंतरी आम्ही पोलादपूरला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा तिच्या घरी जाऊन आलो. ज्या आजीपासून ती सुरुवात करणार होती ती आजी एका पावसाळ्यात गेली. तिच्या बोलण्याच्या चारच ध्वनिफिती झाल्या होत्या. पोर म्हणाली, "काका, वय पस्तीसपर्यंत चालते, माझ्याकडे अजून वर्षे आहेत. पण वाडीतल्या म्हाताऱ्यांकडे नाहीत." आम्ही काय बोलणार? चहा घेतला आणि उठलो.

सरकारने एक ओळ लिहिली. त्या ओळीने नुसती एक शिष्यवृत्ती अडली नाही. दर पावसाळ्यात एकेक म्हातारी आपली गोष्ट घेऊन जाते आहे आणि ती लिहून घ्यायला शिकलेले हात पुरेसे नाहीत, हे त्या ओळीचे खरे नुकसान आहे.

म्हणून, मुली, २०२२ साली तळ्याच्या काठावर तू जे विचारलेस त्याचे उत्तर आज देतो. विषय बदलू नकोस. पैशाची वाट बदलून पाहा, देश बदलून पाहा, अर्ज पुन्हा पुन्हा भर. शंभर वर्षांपूर्वी भाषा सौम्य करूनही निष्कर्ष न बदलणारा बाप आपल्याला लाभला आहे. आणि तोवर रोज संध्याकाळी एका म्हातारीपाशी बस.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना पीएच.डी. ची पदवी रीतसर दिली. तळे आणि पदवी, दोन्ही एकाच वर्षातली. २०२७ साली दोन्हींची शंभरी. तळ्याच्या शंभरीला लाखो लोक महाडला येतील, दिवे लागतील, भाषणे होतील. पदवीची शंभरी साजरी करायला आपल्या प्रत्येक तालुक्यातून निदान एक अर्ज तरी जावा, एवढेच आमचे मागणे आहे.

जयभीम.